धुरकऱ्याचा हात

साल 1938, जानेवारीचा तिसरा आठवडा. संक्रांत नुकतीच झाली आहे आणि तुम्ही आर्वी तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात उभे आहात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या या वर्धा जिल्ह्याचे तालुके तीनच: वर्धा, आर्वी, हिंगणघाट. कारंजा आणि आष्टी वेगळे तालुके व्हायला अजून बराच अवकाश आहे. कापूस वेचून झालेल्या वावरातली पऱ्हाटी उपटून, ढेकळं फोडून, वखर फिरवून एक लांब सरळ पट्टा काढला आहे. काळी माती चांगली दाबून घेतली आहे. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. कुणी तुरीच्या धुऱ्यावर बसलंय, कुणी बैलगाडीच्या साट्यावर चढलंय. पोरं बाभळीवर आहेत. आज गावात शंकरपट आहे, बैलजोड्यांची शर्यत.

इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तरी जागा मिळते. शेजारचे म्हातारबुवा दुपट्टा आवरून घेतात, सरकतात आणि तुम्ही कुठले हे न विचारता पुढ्यातला हरभऱ्याचा डहाळा तुमच्याकडे करतात. पटात आलेला माणूस पटाचाच.

पट्ट्याच्या वरच्या टोकाला दोन जोड्या आणून उभ्या केल्या आहेत. चारही बैल पांढरे, मानेपाशी थोडे राखी. अंगानं सडसडीत, चेहरा लांबट आणि निमुळता, शिंगं आखूड. ही गवळाऊ जात, याच मातीतली. आर्वीपासून वरच्या डोंगराळ भागात गवळी लोक पिढ्यान्पिढ्या ती सांभाळत आले आहेत. गाय दूध बऱ्यापैकी देते, पण या जातीचं नाव आहे ते बैलाच्या चालीसाठी. मराठ्यांच्या फौजांना घाटवाटांतून सामान झपाट्यानं हलवावं लागे, त्या गरजेतून हे हलक्या अंगाचे दुडक्या चालीचे बैल निपजवले गेले, असं जातीच्या वर्णनांत सांगितलेलं असतं. तुमच्यासमोर जू मानेवर घेऊन जो बैल पुढचा पाय आपटतोय, त्याच्या अंगात ती चाल अजून आहे.

आता गाडी पाहा. तिला गाडी म्हणायचं ते दोन चाकं आहेत म्हणून. माल भरायला साटा नाही, टेकायला काही नाही. एक दांडी, एक आख आणि धुरकऱ्याला, म्हणजे हाकणाऱ्याला, जेमतेम बूड टेकता येईल एवढी जागा. वजनाची जी जी गोष्ट काढता येईल ती काढली आहे. धुरकरी अंगानं काटक, अनवाणी, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. त्याच्या हातात कासरे आहेत आणि आत्ता तो ते अगदी सैल धरून आहे. बैलांशी काहीतरी पुटपुटतो आहे. काय, ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते तुमच्यासाठी नाहीच.

तुम्ही बैलांच्या तोंडाकडे पाहता. म्हातारबुवा कोपरानं ढोसतात.

"भाऊ, तोंडाकडे कायले पायता? जुवाकडे पहा."

झेंडी पडते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी पांढरं समोरून गेलं, पायाखालची जमीन दणाणली आणि तोंडात माती आली. त्यामुळे पहिली फेरी वायाच जाते. दुसऱ्या फेरीला तुम्ही सांगितल्याप्रमाणे जू पाहता, आणि एकदम सगळं उलगडायला लागतं. जू दोन वशिंडांच्या पुढे आडवं आहे. दोन्ही बैलांची टांग सारखी पडली तर ते सरळ राहतं. एक बैल वीतभर पुढे सरला की जू तिरपं होतं, दांडी वळते आणि गाडी एका बाजूला ओढ घेते. धुरकऱ्याला हे दिसायच्या आधी बुडाखाली जाणवतं. तो एक कासरा किंचित आखडतो, दुसरा सोडतो, अंगाचा भार सरकवतो. हे सारं दोन-तीन श्वासांत. जू सरळ झालं की गाडी पुन्हा सुटते. ज्याचा हात जास्त हलतो त्याची जोडी वेग गमावते. चांगल्या धुरकऱ्याचा हात जवळजवळ स्थिर दिसतो. त्या स्थिरपणात किती काम चाललं आहे हे ओळखता येणं, हा पट पाहण्यातला खरा आनंद आहे. तो एकदा लागला की मग कोण जिंकलं हे नंतर कळलं तरी चालतं.

याच साली, इथून हजारो मैलांवर इंग्लंडात, ब्रुकलँड्सच्या सिमेंटच्या कलत्या धावपट्टीवर मोटारी पळताहेत. ती पट्टी 1907 साली बांधली, खास मोटारींच्या शर्यतीसाठी. आणि त्याच देशातल्या काही लोकांनी 1934 मध्ये एक क्लब काढला आहे, जुन्या धावत्या मोटारींचा. गाडी निदान पाच वर्षं जुनी असावी, अशी त्यांची मूळ कल्पना. नव्या, अधिक वेगवान गाड्या बाजारात असताना ही माणसं जुन्या का पळवतात? तुम्ही या वावरात उभे आहात म्हणून तुम्हाला उत्तर पटकन सापडतं. त्या गाड्यांना छत नाही. चालकाची कोपरं दिसतात, खांदे दिसतात, वळणावर तो चाकाशी कसा झगडतो ते दिसतं. त्याही आधीच्या शर्यतींत तर शेजारी एक मिस्त्री बसे, हातानं पंप मारून इंधनाचा दाब टिकवे आणि वळणावर बाहेर झुकून भार तोलून धरी. टायर अरुंद, ब्रेक कमजोर, त्यामुळे गाडी घसरते आणि घसरत असतानाच सावरली जाते. माणूस काय करतो आहे ते काठावरून वाचता येतं. पुढे यंत्रं इतकी झाकली गेली की चालकाच्या जागी नुसतं हेल्मेट उरलं. जुन्या मोटारींच्या शर्यतीला आजही गर्दी होते, ती हे उघडं काम बघायला होते असं मला ठामपणे वाटतं. आर्वीकडच्या पटातही लोक तेच बघत आले आहेत, फक्त इथे इंजिनाला डोळे आणि कान आहेत.

मोटार आणि बैल यांची गाठ वर्ध्यात प्रत्यक्षही पडली होती. वर्ध्याचे व्यापारी आणि गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज यांच्या आठवणींत अशा एका फोर्डचा किस्सा येतो, जिचं इंजिन गेलं आणि पुढे बैलजोडी आली. मंडळी तिला हसत हसत 'ऑक्सफोर्ड' म्हणत. 1938च्या या जानेवारीत गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला येऊन पुरती दोन वर्षंही झालेली नाहीत. 1936च्या एप्रिलअखेरीस ते वर्ध्याहून पायी तिकडे गेले, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर चिखलातून गाडी काढणं म्हणजे बैलाची आणि हाकणाऱ्याची परीक्षा. रस्ता कुठे संपतो आणि काळी माती कुठे सुरू होते हे या जिल्ह्यात बैलालाच आधी कळतं. त्याचं दुभंगलेलं खूर चिखलात पसरतं आणि उचलताना मिटतं.

आणखी मागे चला. साल 1866. जिल्हा नागपुरातून वेगळा होऊन चारच वर्षं झालीत आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर वर्धा हे नवं गाव आखलं जात आहे. रेल्वे पुढच्या वर्षी नागपूरला पोचेल. तुम्ही हिंगणघाटच्या वाटेवर उभे आहात आणि गाड्यांची रांग संपत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं लिव्हरपूलचा कापूस अडला तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. युद्ध संपलं, भाव उतरले, पण गाड्या चालूच आहेत. त्याआधी तर हाच माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत असत. रात्रीच्या मुक्कामाला लोहार चाकाची धाव बसवतो आहे. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडाचं कडं लाल होतं, दोघे सांडशीनं उचलून ते लाकडी चाकावर चढवतात, पाणी ओततात, वाफेचा लोट उठतो आणि आकसणारं लोखंड आरे, पाट्या, तुंबा सगळं करकचून एकत्र आवळतं. हे चाक शेकडो मैल जाणार आहे.

इथे, या वाटेवर, शर्यतीचं बी आहे. बाजार गाठायचा, दुसऱ्याच्या आधी गाठायचा. उजाडायच्या आत अड्ड्यावर पोचलेल्या गाडीवानाला बरी जागा आणि बरा भाव. कुणाची जोडी किती चालते हे गावोगाव माहीत असे, कारण त्यावर पोट होतं. पटात जी हुशारी लोक पाहतात ती अशी रोजच्या कामातून आलेली आहे. म्हणून जाणते प्रेक्षक टाळ्या वाजवण्याआधी पारख करतात.

परत 1938च्या वावरात या, कारण तिथे एक गोष्ट अजून पाहायची राहिली आहे आणि ती टाळून चालणार नाही. तिसऱ्या फेरीतल्या धुरकऱ्याच्या हातात तुतारी आहे, टोकाला लोखंडी आर बसवलेली. अर्ध्या पट्ट्यात त्याची जोडी मागे पडते आणि तो टोचतो. एकदा, दोनदा, मग मोजता येत नाही. पांढऱ्या कातडीवर लाल ठिपके उमटतात. दुसरा एक जण शेपटी पिरगाळतो. गर्दीतले काही ओरडून त्याला चढवतात. तुमच्या शेजारचे म्हातारबुवा मात्र तोंड फिरवतात.

"टोचूनच पळवली, तं त्याच्यात धुरकऱ्याचं काय जी?"

मला वाटतं, पुढच्या शतकात न्यायालयांत जो वाद रंगला त्याचं मर्म त्यांच्या या प्रश्नात आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबल्या. त्या काळात या शिवारांत येऊन उभे राहा. संक्रांत होते, वावरं मोकळी होतात, पट्टा कुणी आखत नाही. वर्धा नदीपलीकडे तळेगाव दशासरच्या नामांकित पटाचं मैदानही शांत असतं. पटाची जोडी पोसणाऱ्याचा हिशेब बदलतो. ट्रॅक्टर आल्यावर शेतातून बैल आधीच हटला होता. आता हौसही गेली, तर गोऱ्हा ठेवायचा कशासाठी? कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला 1946 पासून सरकारी केंद्र गवळाऊ जपत आहे, पण जात नुसत्या केंद्रात टिकत नाही. ती दाराशी बांधलेली असावी लागते.

तरीही 2014चा निकाल मला अन्यायाचा वाटत नाही. आर टोचलेला बैल मी मघाशी तुम्हाला मुद्दाम दाखवला. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, नियम केले, 16 डिसेंबर 2021ला शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. नियमांनी काठी, चाबूक, टोचणं सगळं बंद केलं. पशुवैद्यानं तपासल्याशिवाय बैल उतरत नाही. हे नियम कागदावर राहिले तर पुन्हा तोच रक्ताचा ठिपका आणि तीच बंदी. पाळले गेले, तर पटाचं काही हरवत नाही. उलट जे बघायला आपण येतो ते स्वच्छ दिसतं: रिकामा हात, कासरे, आणि वर्षभर वैरण घालून, नदीवर धुऊन, नावानं हाक मारून कमावलेला विश्वास. ज्याच्या हाकेला जोडी उठत नाही, त्याला आता लपायला जागा नाही.

आता आजच्या पटात या. पऱ्हाटीच्या जागी बऱ्याच वावरांत सोयाबीन आलंय. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉनिक घड्याळाचे खांब उभे आहेत आणि सेकंदाचे तुकडे फलकावर चमकतात. माइकवरून जोडीचं आणि मालकाचं गाव पुकारलं जातं. तर्रीपोह्यांच्या हातगाडीवर रीघ आहे, बाया आणि पोरी ट्रॉलीवर उभ्या राहून मोबाईलनं चित्रण करताहेत. पुकारा होतो, दोन पांढऱ्या जोड्या वरच्या टोकाला येतात. धुरकऱ्याचे दोन्ही हात वर: पाहा, काही नाही. पंच मान हलवतात. झेंडी पडते आणि तुम्ही या वेळी जुवाकडे पाहता, मग हाताकडे, मग पुन्हा जुवाकडे. डावी जोडी निघताना मागे राहिली, पण तिचं जू शेवटपर्यंत हललं नाही. उजवीनं मध्यावर दोनदा ओढ घेतली. फलकावर अजून आकडे यायचे आहेत. शेजारचा पोरगा तुमच्या बाहीला धरून विचारतो, "कोन्ती जी काका, डावी का उजवी?"

डावी, तुम्ही सांगता. आणि का, तेही सांगायला लागता. तोवर पुढची जोडी जुवाखाली आली आहे, आणि तो म्हणतो, "थांबा नं, आधी हे पाहू द्या."