पायांचा रियाज

चेंडू पायाशी खेळवीत प्रतिपक्षाला हुलकावणी देणे ही उपजत देणगी. ती शिकवून येत नाही, अशी फुटबॉलच्या जगात जुनी समजूत. हॉलंडच्या वील कूर्व्हर यांना ती पटली नाही. केर्क्राडे या कोळशाच्या खाणींच्या गावी १९२४ साली जन्मलेल्या या गृहस्थांच्या मार्गदर्शनाखाली फेयेनूर्ड संघाने १९७४ साली यूएफा चषक जिंकला होता.

नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती पाहून त्यांनी एकेका हुलकावणीची फोड केली आणि मुलांसाठी तिचे पाठ बांधले. प्रत्येकाला स्वतंत्र चेंडू. आधी तो दोन्ही पावलांच्या आतल्या-बाहेरच्या कडेने, तळव्याने खेळवायचा. मग थांबणे, वळणे, वेग. त्यानंतर समोर खराखुरा प्रतिस्पर्धी.

मला यात आपल्या तबल्याचा रियाज दिसतो. बोल संथ लयीत घोटायचा, हात बसला की लय वाढवायची. मैफलीत कोणता बोल केव्हा वाजवायचा, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे. घोकून प्रतिभा येत नाही, हे खरेच. पण हात बसल्यावाचून तीही मुकीच राहते.

कूर्व्हर २०११ साली निवर्तले. 'याच्या अंगात नाही' म्हणून कडेला बसवलेल्या पोरालाही शिकता येईल अशी वाट त्यांनी आखून दिली, हे मला त्या चषकाहून मोठे वाटते.