तोडलेल्या प्रवाहाची किमया

बुंदेलखंडातील समथर असो वा सह्याद्रीतील एखादी वाडी. जेथे विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या, तेथे व्हॉल्व्हच्या रेडिओपुढे एकच पेच असे. मोटारीच्या संचायकाचा दाब ६ व्होल्ट. व्हॉल्व्हना मात्र शंभराहून अधिक व्होल्ट हवे असत.

दाब वाढविणे हे रोहित्राचे काम. परंतु एकसारख्या वाहणाऱ्या एकदिश प्रवाहापुढे रोहित्र निरुपयोगी ठरते. एका वेटोळ्यातील प्रवाह बदलतो तेव्हाच शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले होते. तेव्हा प्रवाह तोडणे भाग होते. १९३० नंतरच्या दशकात मोटारींच्या रेडिओंत हे काम कंपकाने पत्करले. त्याची पोलादी पट्टी सेकंदाला शंभरएक वेळा थरथरे आणि प्रवाह तोडी व जोडी. रोहित्राने वाढविलेला दाब मग पुन्हा एकदिश करून व्हॉल्व्हना पुरविला जाई.

मात्र प्रत्येक तुटीबरोबर ठिणगी उडण्याचा आणि संपर्कबिंदू जळण्याचा धोका असे. म्हणून जोडीच्या धारित्राचे माप काटेकोरपणे ठरवावे लागे. संचायक भरलेला असताना आणि उतरलेला असताना, पूर्ण भार देऊन, यंत्राची पारख करावी लागे. त्यात उणीव राहिली, तर ध्वनिक्षेपकातून शब्दांऐवजी गुणगुणच ऐकू येई.

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि कंपकाचे दिवस भरले. आज खिशातल्या दूरध्वनीत प्रवाह सेकंदाला लक्षावधी वेळा तुटतो आणि जुळतो. पट्टी गेली, ठिणगी गेली. भार देऊन पारख करण्याचा नेम मात्र सुटलेला नाही.