आजीची पोटरी आणि शिंप्याची टेप: खाणं मोजण्याचा इतिहास

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बऱ्याच ठिकाणी तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

इतिहास म्हटलं की किल्ले, लढाया, तह असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आज यातलं काहीच नाही. आज एका फॉर्मचा इतिहास आहे. हो, फॉर्मच. "आठवड्यातून किती वेळा फळं खाता?" असं विचारणारा. कंटाळवाणं वाटतंय ना? मलाही वाटायचं. पण एका फॉर्मवर माझ्या आजीच्या वतीनं मी खोटं बोलले, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

झालं असं. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटीच राहते, वय ८१. मी सुट्टीला गेले होते आणि नेमकं गावात एक आरोग्य शिबिर लागलं होतं. टॅब घेतलेली एक मुलगी समोर बसली होती. "आजी, जेवण नीट जातं का?" आजी म्हणाली, "सगळं खाते गं पोरी. मला काय धाड भरलीय?" "वजन कमी झालंय का?" आजीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही, ठीक आहे सगळं." टिक, टिक, टिक. तीन मिनिटांत आजी 'व्यवस्थित' ठरली.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डबा उघडला. सकाळची अर्धी भाकरी. त्याखाली कालची अर्धी. मी विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कोण चूल पेटवत बसतंय बाळा? चहा-बटर खाल्लं की भागतं." तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. ते मला दुपारीही दिसलं होतं. फक्त त्याचा अर्थ लागला नव्हता.

मग मला प्रश्न पडला. ती मुलगी चुकली, की फॉर्म चुकला, की आम्ही चुकलो? आणि फॉर्म बरोबर आहे की नाही, हे तपासतात तरी कसं? चला, मागे जाऊया.

सुरुवात तराजूपासून

१९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये एल्सी विडोसन नावाची शास्त्रज्ञ होती. रॉबर्ट मॅकॅन्ससोबत तिनं अन्नात नेमकं काय काय असतं याचे तक्ते केले. ते पुस्तक १९४० साली आलं आणि त्याच्या आवृत्त्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. त्याच काळात तिनं माणसांच्या खाण्याचाही अभ्यास केला. पद्धत एकदम साधी: आठवडाभर जे तोंडात जाईल ते आधी तराजूवर ठेवायचं, वजन लिहायचं, मग खायचं. त्यातून कळलं की एकाच वयाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांच्या खाण्यात दुपटीचासुद्धा फरक असू शकतो. म्हणजे 'सरासरी माणूस' ताटावर बसतच नाही, ताटावर बसतो तो एकेक माणूस.

पण तराजूची एक गोची आहे. तुमच्या घरी कोणी तराजू घेऊन बसलं, तर तुम्ही नेहमीसारखं जेवाल का? पाहुणा आला की आपल्याकडे शिरा होतो. मोजणारा आला की माणूस खाणं बदलतो.

दुसरी वाट अमेरिकेत बर्था बर्क या आहारतज्ज्ञ बाईंनी घेतली. गरोदर बायका आणि मुलांच्या अभ्यासासाठी त्या समोर बसून निवांत गप्पा मारत विचारायच्या: सकाळी उठल्यावर काय, दुपारी काय, दूध किती, कोणत्या दिवशी वेगळं. १९४७ साली त्यांनी या 'आहार इतिहास' पद्धतीवर लेख लिहिला. पद्धत चांगली होती. पण एका माणसामागे एक कसलेली बाई आणि बराच वेळ लागायचा. हजारो माणसांना असं विचारणार कोण?

१,२०,००० नर्सेस आणि ६१ प्रश्न

इथे गोष्ट बदलते. १९७६ साली अमेरिकेत सुमारे १,२०,००० नर्सेसचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांच्या आहाराची माहिती हवी होती, पण सगळ्यांच्या घरी जाणं शक्य नव्हतं. म्हणून वॉल्टर विलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली पोस्टानं जाईल अशी ६१ पदार्थांची प्रश्नावली वापरली. प्रत्येक पदार्थापुढे: गेल्या वर्षभरात साधारण किती वेळा?

आता खरी मजा. ही प्रश्नावली खरं सांगते, हे कशावरून? त्यांनी १७३ नर्सेसकडून ती वर्षाच्या अंतरानं दोनदा भरून घेतली. आणि मधल्या काळात त्याच नर्सेसनी चार वेळा, दरवेळी आठवडाभर, खाल्लेलं सगळं लिहून ठेवलं. मग दोन गोष्टी बघितल्या. एक, तीच बाई दोन्ही वेळा साधारण तेच उत्तर देते का? दोन, तिचं उत्तर तिच्या वहीशी जुळतं का? हे निष्कर्ष १९८५ साली छापून आले, आणि खाण्याच्या प्रश्नावल्या तपासायची ही जणू ठरलेली रीतच झाली.

पण थांबा. वही तरी खरी कशावरून?

याचं उत्तर पाण्यात सापडलं. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी माणसाला प्यायला द्यायचं. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटे बाहेर पडतो. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. लघवी तपासून दोघांतला फरक काढला की शरीरानं किती ऊर्जा जाळली ते कळतं. वजन स्थिर असेल तर जेवढं जाळलं तेवढंच खाल्लं. इथे आठवणीचा प्रश्न नाही, लाजेचाही नाही.

२००३ साली अमेरिकेत ४० ते ६९ वयाच्या ४८४ जणांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 'किती वेळा खाता' छाप प्रश्नावलीत लोकांनी आपली ऊर्जा ३० टक्क्यांहून जास्त कमी सांगितली होती. 'काल दिवसभरात काय खाल्लं' असं नीट विचारलं तेव्हा चूक कमी झाली, पण गेली नाही. तिथे लोक खाणं लपवत होते. आमची आजी न खाणं लपवत होती. दिशा उलटी, पण सवय तीच: विचारणाऱ्याला बरं वाटेल ते सांगायचं.

म्हाताऱ्यांसाठी छोटा फॉर्म

वय वाढलं की लांब प्रश्नावली आणखी अवघड होते. चष्मा लागतो, ऐकू कमी येतं, विसाव्या प्रश्नाला माणूस थकतो आणि "हो हो, लिही काहीही" म्हणतो. म्हणून छोटे फॉर्म आले. पण छोटा म्हणजे चालणारा असं नाही, तोही तपासावा लागतो.

याचं एक छान उदाहरण स्पेनमधलं. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, हे बघणारा 'प्रेडिमेड' नावाचा मोठा अभ्यास तिथे झाला. त्यात पुरुष ५५ ते ८० वर्षांचे आणि बायका ६० ते ८० वर्षांच्या होत्या. त्यांच्यासाठी फक्त १४ प्रश्नांची यादी केली. ऑलिव्ह तेल वापरता का, दिवसातून भाजी किती वेळा, आठवड्यातून कडधान्यं किती वेळा, असं. एका प्रश्नाला एक गुण. मग ७,१४६ जणांची ही उत्तरं १३७ पदार्थांच्या मोठ्या प्रश्नावलीशी ताडून बघितली. निकाल २०११ साली आला.

दोन्हींतलं नातं निघालं ०.५२. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे अगदी बरोबरीनं चालणं. म्हणजे हा निकाल मध्यम. सरासरीला मात्र छोटा फॉर्म मोठ्याच्या १०५ टक्के, जवळजवळ नेमका! पण एकेका माणसाकडे बघितलं, तर बहुतेकांचा फरक ५७ टक्क्यांपासून १५३ टक्क्यांपर्यंत पसरलेला.

हे दोन आकडे एकत्र का द्यायचे? कारण १९८६ साली मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये एक साधी गोष्ट समजावून सांगितली होती: सोबत चालणं वेगळं आणि जुळणं वेगळं. माझं घड्याळ रोज बरोबर दहा मिनिटं मागे असेल, तर तुमच्या घड्याळाशी त्याचं नातं अगदी पक्कं आहे. तरी माझी एसटी चुकणारच.

म्हणून लक्षात ठेवा: छोटा फॉर्म हजार माणसांच्या गटाबद्दल बरंच खरं सांगू शकतो. समोर बसलेल्या एका आजीबद्दल तो तेवढ्या खात्रीनं बोलू शकत नाही.

आणि हो, तो फॉर्म उचलून मराठीत आणला तर? त्यात वाइनचे ग्लास मोजायचा प्रश्न आहे, टोमॅटो-कांदा-लसणाच्या 'सोफ्रितो'चा प्रश्न आहे. आमच्या आजीला वाइन विचारली तर लाटणं येईल अंगावर. आपल्याकडे वेगळेच गुंते आहेत. प्रसादाचं अर्धं केळं म्हणजे फळ धरायचं का? रश्श्याची एक पळी म्हणजे भाजी खाल्ली का? चतुर्थी, एकादशी आणि श्रावणातले सोमवार धरून 'साधारण आठवडा' कुठला? नुसतं भाषांतर पुरत नाही, इथल्या माणसांवर ते पुन्हा तपासावंच लागतं.

पण साधे प्रश्न टाकाऊ असतात असं समजू नका. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास झाला. तो म्हाताऱ्यांचा नव्हता, तरी आपल्या कामाचा आहे. २००१ साली छापून आलेल्या निष्कर्षांत उष्मांक आणि प्रथिनांच्या आकड्यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या, दूध आणि फळं किती वेळा खाल्ली, याचा मात्र दिसला. 'किती वेळा' हा प्रश्न योग्य जागी विचारला तर बोलतो.

प्रश्नच बदलला

दरम्यान काही डॉक्टरांनी वेगळा विचार केला. म्हाताऱ्या माणसानं काय खाल्लं हे आठवायला लावण्यापेक्षा, तो खंगतोय का हे बघूया. इव्ह गिगोझ, ब्रुनो व्हेलास आणि फिलिप गॅरी यांनी १९९४ साली अशी १८ मुद्द्यांची चाचणी मांडली. फ्रान्समधलं तुलूझ आणि अमेरिकेतलं न्यू मेक्सिको इथल्या वृद्धांवर ती तपासली होती. चाचणीचे गुण एका बाजूला आणि पोषणाची पूर्ण तपासणी दुसऱ्या बाजूला.

२००१ साली तिचं सहा प्रश्नांचं छोटं रूप आलं. भूक कमी झालीय का? तीन महिन्यांत वजन घटलं का? घराबाहेर जाता का? मोठं आजारपण किंवा मानसिक धक्का? विसरभोळेपणा किंवा खिन्नता? आणि शेवटी उंचीच्या मानानं वजन. एकूण गुण १४. १२ किंवा जास्त असतील तर ठीक. आणि २००९ पासून ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण.

२००९ सालीच त्यात एक सोयही झाली. वजन-उंची घेता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजा. ३१ सेंटीमीटर किंवा जास्त भरला तर ३ गुण. कमी भरला तर शून्य.

हे वाचलं त्या दिवशी मी आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि गावी गेले. आजी म्हणाली, "आता काय पायजमा शिवतेस मला?" पोटरी भरली २९.

मग मी कागदावर बेरीज केली. आधी खरी उत्तरं. भूक कमी झालीय: १. वजन घटलं का, माहीत नाही: १. घराबाहेर जाते: २. तीन महिन्यांत आजारपण नाही: २. डोकं शाबूत, आमच्यापेक्षा जास्त: २. पोटरी: ०. एकूण ८. धोका, आणि कुपोषणापासून एका गुणावर.

मग मी शिबिरातलं आमचं खोटं घालून पुन्हा बेरीज केली. भूक उत्तम: २. वजन अजिबात घटलं नाही: ३. बाकी तेच: ६. पोटरी: ०. एकूण ११.

अकरा! म्हणजे आम्ही दोघी बिनधास्त खोटं बोललो असतो, तरी ती टेप आजीला 'धोका' या रांगेत बसवूनच थांबली असती. शिबिरातल्या फॉर्मवर टेपच नव्हती. नुसते प्रश्न होते, आणि प्रश्नांना आम्ही पुरून उरलो.

आता दुपारचं जेवण आजी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जेवते. भाकरी हिची, कालवण त्यांचं. मागच्या महिन्यात मी पुन्हा टेप लावली. साडेएकोणतीस. ३१ अजून लांब आहे. पण डब्यात शिळी भाकरी नव्हती.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, तर या रविवारी फोनवर "जेवलात का?" एवढंच विचारून थांबू नका. त्याचं उत्तर 'हो'च येतं. जाऊन बसा, सोबत जेवा, आणि निघताना टेप काढा. आकडा ३१ च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या आजीनं टेप बघून काय सुनावलं, ते मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.