खिशातलं पिस्तूल

गुप्ती हा शब्द आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो. बाहेरून साधी हातातली काठी, मूठ ओढली की आतून तलवारीचं पातं. आमच्या लहानपणी वाड्यातल्या एका आजोबांकडे गुप्ती आहे असं सगळे म्हणायचे, पण पाहिली कोणीच नव्हती. (पाहिली असती तर ती गुप्ती कसली!) भिंतीवर ढाल-तलवार लावणाऱ्या घराबद्दल मोठी माणसं कौतुकाने बोलत आणि या आजोबांबद्दल मात्र कुजबुजत. शस्त्र तेच, पण लपवलं की माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे असा समज.

गंमत म्हणजे अमेरिकेत लपवलेल्या शस्त्राविरुद्ध जे पहिले कायदे झाले त्यांतल्या एकात ही गुप्ती नावानिशी आहे. १८१३ साली केंटकी राज्याने पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा आणि काठीत दडवलेली तलवार अंगावर लपवून बाळगायला बंदी केली. प्रवासाला निघालेल्याला तेवढी सूट. त्याच वर्षी लुइझियानानेही असाच कायदा केला. उघड कमरेला लावून फिरा, हरकत नाही, लपवू नका. पुढे ब्लिस नावाच्या एका गृहस्थांना गुप्ती बाळगल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. ते वरच्या कोर्टात गेले आणि १८२२ साली कोर्टाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. केंटकीच्या लोकांना हे इतकं लागलं, की १८५० च्या नव्या राज्यघटनेत त्यांनी लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला लिहूनच दिला. त्याच साली लुइझियानाच्या कोर्टाने म्हटलं की उघड शस्त्र बाळगणं मर्दपणाचं आणि लपवणं दगाबाजीचं. म्हणजे आमच्या वाड्यातल्या मोठ्या माणसांचंच मत!

तर मंडळी, या वयात मी हे वाचत का बसले? कारण माझा भाचा. तो टेक्ससमध्ये आहे, वीसेक वर्षं झाली. आता तिथला नागरिक आहे. (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक विकत घेता येत नाही, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडून. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) त्याचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात रात्री दुकान बंद करून निघताना त्याच्या गाडीपाशी दोन माणसं उभी होती. काही झालं नाही, ती निघून गेली. पण तेव्हापासून त्याने पिस्तूल घ्यायचं मनात घेतलं आहे. लहानसं, शर्टाखाली दिसणार नाही असं. त्याच्या बायकोला ते मुळीच नको आहे. घरात पंधरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी आहे.

कुटुंबाच्या ग्रुपवर ही बातमी फुटली आणि धुमाकूळ झाला. एकाने गांधीजी काढले, तर आमच्या एका बंधूंनी थेट वाघनखं! बंधूंना मी एवढंच लिहिलं, की प्रतापगडाची तयारी १६५९ सालच्या एका ठरलेल्या भेटीसाठी होती, समोर कोण येणार हे माहीत होतं. महाराज रोज वाघनखं घालून बाजारात जात नव्हते. भाचा म्हणाला, "मावशी, तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास, तुझं मत सांग." मत द्यायच्या आधी वाचावं, ही मास्तरकीची खोड.

लहान पिस्तुलाचा इतिहास म्हणजे खिशाचा इतिहास. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराची पिस्तुलं जेमतेम सहा इंचांची, एकच गोळी मारणारी. त्यांतल्याच एकाने १८६५ साली लिंकन यांचा घात झाला. त्यानंतर नकली पिस्तुलांचा इतका सुळसुळाट झाला की नावात एक 'र' जास्त घालून तो शब्द सामान्यनाम बनून गेला. मग आला युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग. बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. त्याने गोळीच्या धक्क्यावरच पुढची गोळी भरली जाईल अशी चपटी पिस्तुलं बनवली. रिव्हॉल्वरचं पोट फुगीर, हे सपाट. १९०३ च्या त्याच्या कोल्ट पिस्तुलाचा घोडा आत झाकलेला होता, खिशातून काढताना अस्तरात अडकू नये म्हणून. १९०८ साली साडेचार इंचांचं पिस्तूल निघालं, त्याचं नावच 'वेस्ट पॉकेट', बंडीचा खिसा.

नाशिककरांना ब्राउनिंग हे नाव परकं नाही. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवता येत नव्हतं, युरोपियनांना मात्र सूट होती. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली ती चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगमधूनच. वर्गात हा प्रसंग शिकवताना मुलं नेहमी विचारायची, "बाई, पिस्तूल लपवलं कुठे?" मोठी तोफ कोणी लपवत नाही. लहान पिस्तुलाचा उपयोग लपवण्यातच, आणि म्हणून राज्यकर्त्यांना ते सगळ्यांत नकोसं. असो, नाशिकवर वेगळं लिहीन.

आता टेक्सस. सिनेमा पाहून आपल्याला वाटतं की तिथे पाळण्यातल्या पोराच्या कमरेलाही पिस्तूल असणार. प्रत्यक्षात १८७१ साली टेक्ससने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगायलाच बंदी केली, लपवून असो की उघड. स्वतःच्या घरात, प्रवासात किंवा ताबडतोब हल्ल्याची रास्त भीती असेल तर चालेल. 'प्रवासी' म्हणजे नेमका कोण यावर कोर्टांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या कीस पाडला. १८९३ मध्ये गव्हर्नर जेम्स हॉग विधिमंडळाला म्हणाले होते की लपवलेल्या शस्त्राचं काम एकच, खून. ही बंदी जवळजवळ सव्वाशे वर्षं टिकली. भाच्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

पण माझं मन सगळ्यांत जास्त रेंगाळलं ते 'नाही' कोणाला म्हटलं गेलं या प्रश्नापाशी. आयडा बी. वेल्स ही मेम्फिसमधली कृष्णवर्णीय शिक्षिका. शाळांमधल्या भेदभावाबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं म्हणून १८९१ साली तिची नोकरी गेली. (इथे मी चष्मा पुसला.) मार्च १८९२ मध्ये तिचा मित्र थॉमस मॉस आणि त्याच्या दोन साथीदारांना जमावाने तुरुंगातून काढून ठार केलं. गुन्हा काय, तर त्यांचं किराणा दुकान गोऱ्या दुकानदारापेक्षा चांगलं चाललं होतं. वेल्सने लगेच एक पिस्तूल विकत घेतलं.  रक्षण करणारे अधिकारीच जमावात सामील असतील तर बाईने करायचं काय? त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती बाहेरगावी असताना तिच्या वर्तमानपत्राचं कार्यालय फोडलं गेलं. ती पुन्हा मेम्फिसला राहायला गेली नाही.

आणि दुसरं नाव वाचून मी उठूनच बसले. मार्टिन ल्यूथर किंग! जानेवारी १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. नाकारला. परवाना द्यायचा की नाही हे तिथल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि ती मर्जी कोणाच्या बाजूची होती हे सांगायला नको. पुढे विचारांती त्यांनी घरात बंदूक ठेवायचीच नाही असं ठरवलं. १९५९ साली ते भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या खोलीत राहिले. मला दोन्ही किंग खरे वाटतात, अर्ज करणारे आणि बंदूक सोडणारेही. सोडायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं. अर्ज फेटाळणाऱ्याला त्याचं श्रेय नाही.

टेक्ससचं मत फिरलं ते एका दिवसामुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावात दुपारच्या जेवणाच्या वेळी एक माणूस ट्रक घेऊन थेट उपाहारगृहात घुसला आणि त्याने तेवीस माणसं मारली. सुझॅना हप ही कायरोप्रॅक्टर आपल्या आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिच्याकडे रिव्हॉल्वर होतं, पण ते तिने गाडीत ठेवलं होतं. जवळ सापडलं तर व्यवसायाचा परवाना जाईल, ही भीती. तिचे दोन्ही आईवडील त्या गोळीबारात गेले. ती नंतर ठिकठिकाणी जाऊन हेच सांगत राहिली, आणि १९९६ मध्ये स्वतः विधिमंडळावर निवडून आली. १९९३ मध्ये गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी लपवून पिस्तूल बाळगण्याचं विधेयक परत पाठवलं होतं. पुढच्या वर्षी त्या निवडणूक हरल्या आणि १९९५ मध्ये जॉर्ज बुश (धाकटे) यांनी नवा कायदा मंजूर केला. प्रशिक्षण घ्या, परवाना काढा आणि लपवून बाळगा. हो, लपवूनच! उघड दाखवायला बंदी. १८१३ चा कायदा बरोब्बर उलटा टांगलेला. उघड बाळगायला टेक्ससने परवानगी दिली ती २०१६ साली, आणि २०२१ पासून तर बहुतेक प्रौढांना परवान्याचीही गरज उरली नाही.

तरी भाचा म्हणतो, "कमरेला दिसेल असं लावलं तर दुकानात गिऱ्हाईक येणार नाही, मावशी." लपवणं हीच आता सभ्यता झाली आहे. मी तिकडे गेले होते तेव्हा एका दवाखान्याच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये भलीमोठी पाटी होती, '३०.०६' आकड्याची. आत लपवलेलं पिस्तूल आणू नका. अक्षरं किमान एक इंच उंच हवीत हेही कायद्यातच लिहिलेलं आहे.

१९९५ लाच बाजारात ग्लॉक २६ नावाचं आखूड पिस्तूल आलं. आदल्या वर्षीच्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या भरायला मनाई केली होती. दहाच भरायच्या तर पिस्तूल मोठं कशाला? गोळ्या कमी करायला केलेल्या कायद्याने पिस्तूल खिशात जाण्याजोगं केलं. भाचा या ग्लॉकमध्ये आणि २०१८ मध्ये आलेल्या सिग पी ३६५ मध्ये अडकला आहे. दुसरंही दहा गोळ्यांचंच, पण आणखी सडसडीत. त्याने दोन्ही भाड्याने घेऊन रेंजवर पन्नास-पन्नास गोळ्या मारून पाहिल्या. निष्कर्ष असा की जे बाळगायला सोपं ते मारायला अवघड. पिस्तूल हलकं म्हणून धक्का जास्त, मूठ आखूड म्हणून करंगळीला जागा नाही, नळी आखूड म्हणून नेम जरा हलला की गोळी भलतीकडे. शिवाय ग्लॉकला बाहेरून वेगळा खटका नाही, जे काही संरक्षण ते चापातच आणि आतल्या यंत्रणेत. म्हणून चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच, नुसतं खिशात टाकून चालत नाही. हे सगळं तो मला ज्या आवडीने सांगत होता ते ऐकून त्याची बायको मागून काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

मी त्याला घेऊ नको म्हटलं नाही. दोन माणसं माझ्या गाडीपाशी उभी नव्हती. पण एक आकडा पाठवला. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. दरोडेखोर तुझ्या दुकानाबाहेर वर्षातून एखाद्या रात्री उभा असेल, पंधरा वर्षांचं पोर घरात रोज रात्री असतं, परीक्षेत नापास होतं, कोणाशी भांडून येतं. हत्तीसारख्या शांत पोरांच्या डोक्यात काय चाललंय हे वर्गात पस्तीस वर्षं पाहूनही मला ओळखता आलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि १९९५ च्याच टेक्ससचा आणखी एक कायदा पाठवला, जो त्या मोठ्या कायद्याच्या गाजावाजात झाकला गेला. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा. भाच्याला हा माहीतच नव्हता. आता पिस्तुलाच्या आधी तिजोरीची चौकशी चालू आहे. बोटाच्या ठशाने उघडणारी घ्यायची की आकड्यांची, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.