उष्ण कक्षातील योगप्रकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तापविलेल्या खोलीतील योगासने ही प्राचीन परंपराच होय, असा समज आढळतो. त्याची ऐतिहासिक तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वामी दिगंबरजी व रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली ‘हठप्रदीपिका’ लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९७० मध्ये प्रसिद्ध केली. प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगावर चोळावा, असे हा ग्रंथ सांगतो. परंतु साधनेच्या आरंभी अग्निसेवन वर्ज्य मानतो. उष्णता अभ्यासातून उत्पन्न व्हावी, ही त्यामागील भूमिका दिसते. म्हैसूरच्या पट्टाभी जोइस यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीतही ती श्वास व हालचालींतूनच येते.

बाह्य उष्णतेची पद्धत कोलकात्याच्या विष्णुचरण घोष यांचे शिष्य विक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. सुमारे ४०.६ अंश सेल्सिअस तापमान, ४० टक्के आर्द्रता, ९० मिनिटे आणि दोन श्वसनक्रियांसह २६ प्रकारांचा ठरलेला क्रम, असे तिचे स्वरूप आहे. ‘हॉट योग’ म्हणविणाऱ्या इतर पद्धतींत तापमान व क्रम बदलतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने चौधरींच्या क्रमाला कॉपीराइट संरक्षण नाकारले.

सारांश, हा प्रकार नवा आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. मात्र त्यास प्राचीनतेचा आधार देणे इतिहासाला धरून नाही. योग शिकविणाऱ्या अध्यापकांनी हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडावयास हवा.