बर्फावरचं बिऱ्हाड

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचं एक जहाज निघालं. जहाज नॉर्वेचं, भाड्यानं घेतलेलं. त्यात २१ भारतीय होते आणि त्यांचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. मोहीम गुप्त ठेवली होती. ९ जानेवारी १९८२ ला ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली, तिरंगा फडकला, आणि मग देशाला बातमी कळली. मुक्काम जेमतेम दहा दिवसांचा.

झेंड्याचं कौतुक आपल्याला आहेच, असावंही. मला मात्र त्या झेंड्यामागे काय काय उतरवावं लागलं असेल, याचं कुतूहल अधिक वाटतं. कवीनं डिझेलच्या पिंपांविषयी बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. पण मंडळी, जिथे झाड नाही, शेत नाही, दुकान नाही, तिथे खिळासुद्धा जहाजातून न्यावा लागतो. समुद्राची वाट मोकळी असते ती उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, दोन-तीन महिने. यादीतून एखादा सुटा भाग राहिला, तर तो पुढच्या जहाजालाच येणार. साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, म्हणून इंधनही निराळं लागतं. इंधन संपलं की वीज गेली, वीज गेली की ऊब गेली आणि पाणीही गेलं. सभोवती बर्फच बर्फ, पण तो वितळवायला जाळायला काहीतरी हवंच ना!

हा सगळा खटाटोप केवळ हौसेचा नव्हता. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार तिथल्या निर्णयांत मत हवं असेल, तर भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. स्थानक उभारणं किंवा मोहीम पाठवणं, अशी उदाहरणं करारातच दिली आहेत. दोन मोहिमा झाल्यावर १९ ऑगस्ट १९८३ ला भारत त्या करारात गेला आणि १२ सप्टेंबरला मताचा हक्क मिळाला. आता तिथे बिऱ्हाड थाटायचं होतं.

डिसेंबर १९८३ मध्ये डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली 'फिनपोलारिस' जहाजातून ८१ जण निघाले. त्यांत पहिल्यांदाच दोन स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. अदितीताई आपल्या नागपूरच्या, पुण्यात शिकलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. लष्करी अभियंत्यांनी सुट्या भागांचं तयार घर जोडून सुमारे दोन महिन्यांत 'दक्षिण गंगोत्री' उभी केली. १२ जण पहिल्या हिवाळ्याला तिथेच थांबले. पत्रावर शिक्का मारायला टपाल कार्यालयही निघालं. आपल्या लोकांची ही खोड मला फार आवडते.

जागा निवडली होती ती समुद्रालगतच्या तरंगत्या हिमपट्ट्यावर. सपाट जागा, जहाज जवळ, सामान उतरवायला सोपं. पण तिथली हिमवादळं वाटेत जे आडवं येईल त्याच्या आडोशाला बर्फ साचवत जातात. तो वितळत नाही. वर्षामागून वर्ष थरावर थर चढतात. घर हळूहळू बर्फाखाली जाऊ लागलं. अवघ्या सहा वर्षांत, १९९० च्या सुमारास, ते सोडावं लागलं. गंगोत्री हे नाव उगमाचं, आणि तीच बर्फाच्या पोटात गेली!

त्याआधीच, १९८९ मध्ये, शिर्माकर टापूतल्या उघड्या खडकावर 'मैत्री' उभी राहिली होती. खांबांवर उचललेली, म्हणजे वारा खालून बर्फ वाहून नेतो. शेजारी प्रियदर्शिनी तळं, तेव्हा पाण्याची सोय. घराचा प्रश्न सुटला, पण रस्त्याचा उभा राहिला. खडक किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत. जहाजातून उतरलेलं इंधन आणि धान्य पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांमागे घसरगाड्या जोडून न्यायचं, बर्फातल्या भेगा चुकवत. जहाजाजवळ राहावं तर घर गाडलं जातं, पक्क्या जमिनीवर राहावं तर जहाज दूर. अंटार्क्टिकातला आपला सगळा इतिहास या पेचात आहे, असं मला वाटतं.

या इतिहासात मृत्यूही आहे. जानेवारी १९९० मध्ये, नवव्या मोहिमेतले चार जण तंबूत कार्बन मोनॉक्साइड वायूनं गुदमरून गेले. उघड्या थंडीनं नव्हे. आडोशाच्या आतल्या हवेनं. म्हणून तिथे जाणाऱ्याला आधी दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि मग उत्तराखंडात औलीच्या बर्फात सराव करावा लागतो. हिवाळ्यात मुक्कामी राहणाऱ्यांत डॉक्टर, स्वयंपाकी, जनरेटरवाला, गाडी दुरुस्त करणारा हवाच. शोधनिबंधावर त्यांचं नाव नसतं. माझ्या मते असायला हवं.

मार्च २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर 'भारती' सुरू झालं. हा खडक समुद्रालाच लागून, पण मैत्रीपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर. इथली युक्ती मला फार भावली. जहाजावर माल भरायचे ते पोलादी कंटेनर, तेच १३४ एकमेकांना जोडून त्यांवर आवरण चढवलं आणि इमारत झाली. सामानाचा डबाच घर झाला. पर्यावरणाच्या १९९१ च्या माद्रिद मसुद्यानुसार तिथला बहुतेक कचराही परत आणावा लागतो, म्हणजे परतीचं जहाजही रिकामं नसतं. या सगळ्याची आखणी होते वास्कोला, हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रात. जहाज मात्र आजही भाड्याचंच.

आणि ते टपाल कार्यालय? गंगोत्रीबरोबर तेही गाडलं गेलं. १९९० मध्ये मैत्रीवर दुसरं आलं, आणि ५ एप्रिल २०२४ ला भारतीवर तिसरं. महाराष्ट्र टपाल परिमंडळाची ही शाखा. तिचा पिन एमएच-१७१८. पत्र आधी गोव्याला जातं, तिथून मोहिमेबरोबर बर्फावर, शिक्का बसला की त्याच वाटेनं परत. उत्तर यायला वर्षही लागतं.