प्रमाणपत्र-गठ्ठ्याचे रूपांतर

एकत्र बांधलेली डिजिटल प्रमाणपत्रे एका फाइल-प्रकारातून दुसऱ्यात नेण्याची क्रिया. ती बहुधा ओपनएसएसएल या मुक्त साधनाने, आज्ञा टाइप करून केली जाते. एरिक यंग व टिम हडसन यांच्या एसएसएलईवाय या कामातून हे साधन १९९८मध्ये पुढे आले.

महाराष्ट्रात सामान्य माणसाची या प्रमाणपत्रांशी गाठ पडते ती डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामुळे. हिंगोली जिल्ह्यात सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या शेतकऱ्याने पीककर्जासाठी काढलेला उतारा संगणकावर उघडला, की स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसू शकते. तेवढ्यावरून उतारा खोटा ठरत नाही. बहुतेक वेळा त्या संगणकाला मूळ प्रमाणपत्र ओळखीचे नसते. सर्वांत खाली स्वाक्षरी करणाऱ्याचे प्रमाणपत्र, त्यावर परवानाधारक प्रमाणन संस्थेचे आणि माथ्यावर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये नेमलेल्या नियंत्रकाचे ‘सीसीए इंडिया’ हे मूळ प्रमाणपत्र, अशी ही साखळी असते.

साखळी पुष्कळदा ‘पी७बी’ फाइलमध्ये मिळते. ती सुटी करण्याची आज्ञा देवनागरीत अशी वाचावी: ओपनएसएसएल पीकेसीएस७ -इनफॉर्म डीईआर -इन साखळी.पी७बी -प्रिंट_सर्ट्स -आउट साखळी.पेम. मूळ फाइल आधीच अक्षररूपात असेल, तर ‘-इनफॉर्म डीईआर’ गाळावे. निघालेल्या फाइलमध्ये प्रत्येक प्रमाणपत्राआधी ‘सब्जेक्ट’ आणि ‘इश्युअर’ या दोन ओळी असतात. एकाचा इश्युअर तोच वरच्याचा सब्जेक्ट. दोन्ही ओळींत एकच नाव आले, की ते मूळ प्रमाणपत्र. गठ्ठ्यातला क्रम भरवशाचा नसतो. वेबसर्व्हरला मात्र स्वतःचे प्रमाणपत्र आधी लागते, म्हणून क्रम हाताने लावावा.

रूपांतराने वेष्टन बदलते, विश्वास वाढत नाही. जुलै २०१४मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि नियंत्रकाला तिची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. म्हणून मूळ प्रमाणपत्र नियंत्रकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, कुणी पाठवलेल्या गठ्ठ्यातून नव्हे.

‘पीएफएक्स’ गठ्ठ्यात प्रमाणपत्रांसोबत खासगी किल्ली, म्हणजे स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्लीही असू शकते. तो ‘पीकेसीएस१२’ उपआज्ञेने उघडताना ‘-नोड्स’ दिल्यास किल्ली कुलपाविना फाइलमध्ये उतरते. ती फाइल इतरांच्या हाती जाता कामा नये. जुन्या पद्धतीने बांधलेल्या गठ्ठ्याला ओपनएसएसएल ३.०पासून ‘-लेगसी’ जोडावे लागते. यूएसबी टोकनमध्ये तयार झालेली किल्ली बाहेर काढता येत नाही, त्यामुळे त्यातली फक्त प्रमाणपत्रेच रूपांतरित होतात.